टिकाऊपणा मागच्या चाकाला, पकड पुढच्या चाकाला

दोन चाकांचा हिशेब : लेखांक ६

गेल्या आठवड्यात ब्रेकविषयी लिहिताना एक मुद्दा अर्धवट सोडला होता. ब्रेक दाबला की चाक थांबते. गाडी थांबते ती टायरने रस्ता धरला तरच. या धरण्याची किंमत किती मोजावी आणि ती कोणत्या चाकावर मोजावी, हा आजचा विषय. भिवंडीत हा प्रश्न रोजच्या खर्चाचा आहे. पाळीला लूमवर जाणारा कारागीर, मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यातल्या गोदामांत कामाला जाणारी मुले, तिथून निघालेली पार्सले घरोघर पोचवणारे, कापडाचे तागे मागे बांधून व्यापाऱ्याकडे नेणारे, अशा कितीतरी जणांची रोजी मोटारसायकलवर चालते. टायरच्या दुकानातली त्यांची मागणी एका वाक्यात मावते : स्वस्तातला दाखवा आणि जास्त चालणारा दाखवा. मागणी अगदी रास्त आहे. चूक होते ती एवढीच, की दोन्ही चाकांसाठी ती एकाच शब्दांत केली जाते. माझे म्हणणे असे आहे : जास्त किलोमीटर देणारा टायर मागच्या चाकाला जरूर घ्यावा, पुढच्या चाकाला मात्र ओल्या रस्त्यावरची पकड हाच पहिला निकष ठेवावा. तसे केल्याने वर्षाचा खर्च जवळजवळ वाढत नाही, हे पुढे आकड्यांनी दाखवतो.

आधी रबराचा स्वभाव समजून घेऊ. टायरचे रबर म्हणजे नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, काजळीसारखा कार्बन ब्लॅक, कधी सिलिका, शिवाय गंधक आणि तेले यांचे शिजवलेले मिश्रण. हे मिश्रण मऊ ठेवले, तर ते रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरते, दबते, पुन्हा उसळते आणि त्या दबण्या-उसळण्यातून पकड निर्माण होते. पण मऊ रबराचे कण लवकर सुटतात, म्हणजे टायर लवकर घासतो. मिश्रण कडक केले की झीज कमी होते आणि रस्त्याच्या खाचाखोचांत शिरण्याची ताकदही कमी होते. कोरड्या रस्त्यावर हा फरक सहसा जाणवत नाही, कारण तिथे रबर रस्त्याला चिकटतेसुद्धा. पाण्याचा पातळ थर आला की हे चिकटणे जवळपास संपते, सगळी भिस्त रबराच्या दबण्यावर येते आणि कडक रबराची उणीव नेमकी त्या क्षणी उघडी पडते. बाजारातली नावेही हीच दोन आश्वासने सांगतात. सीएटच्या एका मालिकेचे ‘माइलेझ’ हे नाव किलोमीटर विकते. एमआरएफच्या ‘नायलोग्रिप’मधला दुसरा शब्द पकड विकतो. चांगले कारखाने दोन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न करतात आणि आजचे मिश्रण वीस वर्षांपूर्वीच्या मिश्रणापेक्षा खूपच सुधारलेले आहे. तरीही साध्या, परवडणाऱ्या टायरमध्ये एक वाढवले की दुसरे थोडे कमी होते. ही तडजोड टळत नाही. ती कुठे करायची, एवढेच आपल्या हातात असते.

ती कुठे करायची, हे दोन चाकांची कामे सांगतात. मागचे चाक गाडी ढकलते. इंजिनाचा सगळा जोर साखळीतून तिथे येतो, मागे बसलेल्या माणसाचे आणि बांधलेल्या गठ्ठ्याचे वजन तिथे पडते, आणि दर वेळी क्लच सोडताना तिथले रबर रस्त्यावर किंचित सरकते. म्हणून मागचा टायर आधी घासतो, तोही मधोमध, आणि गोलाई जाऊन चपटा होतो. पुढचे चाक ढकलत नाही. ते दिशा देते आणि थांबवते. जोराने ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते, आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा टायर करतो. या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग केवढा? पुढच्या चाकावर ८० किलो वजन आणि आत २५ पौंड हवा धरली, तर तो फार तर दोन-अडीच आगपेट्या शेजारी ठेवल्यावर व्यापतील एवढा निघतो. मागचे चाक घसरले तर गाडी शेपटासारखी हलते आणि बऱ्याचदा सावरता येते. पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही, माणूस रस्त्यावर असतो. ज्या चाकावर झीज जास्त आणि चूक सुधारायला वाव आहे, तिथे टिकाऊपणा विकत घ्यावा. जिथे झीज कमी आणि चुकीला माफी नाही, तिथे पकड विकत घ्यावी. पुढचा टायर असाही हळू घासतो. त्याला मुद्दाम कडक रबर देऊन वाढीव किलोमीटर मिळवायचे, म्हणजे ज्याची टंचाई नाही ते साठवायचे आणि जे कमी आहे ते उधळायचे.

आता पैशांचा हिशेब. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. आपापले भाव घालून प्रत्येकाला तो पुन्हा मांडता येईल. रोज ३० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर. पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर आणि गाडीचे ॲव्हरेज ५० धरले, तर किलोमीटरला २ रुपये, वर्षाला १८,००० रुपये. मागचा एक टायर १,८०० रुपयांचा आणि २०,००० किलोमीटर चालणारा, दुसरा २,२०० रुपयांचा आणि ३०,००० किलोमीटर चालणारा. पहिला किलोमीटरला ९ पैसे पडतो, दुसरा सव्वासात पैशांच्या आसपास. महाग दिसणारा टायर वर्षाला दीडशे रुपये वाचवतो. म्हणून मागच्या चाकापुरते ‘जास्त चालणारा’ हे मागणे बरोबर आहे, आणि पाटीवरची किंमत बघून स्वस्त ठरवणे चूक आहे. पुढच्या चाकाला चांगल्या पकडीच्या टायरसाठी ४०० रुपये जास्त गेले आणि तो ३०,००० किलोमीटर चालला, तर कामाच्या दिवसाला त्याचे ४० पैसे पडतात. पावसात पुढच्या चाकाने रस्ता सोडू नये यासाठी ४० पैसे हा दर कोणालाही जड वाटू नये. आणि याच हिशेबातला तिसरा आकडा सर्वांत बोलका आहे : पेट्रोलचा खर्च नुसता १ टक्का वाढला तरी वर्षाला १८० रुपये जातात. दोन टायरांच्या तुलनेत मिळालेली सगळी बचत कमी हवेवर चालवलेली गाडी गुपचूप खाऊन टाकते. त्या हवेकडे पुढे येऊच.

यावर पहिला आक्षेप जुन्या मेकॅनिकांकडून येतो : दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच जातीचे असावेत. यात तथ्याचा अंश आहे. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला साधा नायलॉनचा आडव्या-तिरप्या धाग्यांचा टायर, अशी सरमिसळ गाडी बनवणाऱ्याने सांगितल्याशिवाय करू नये, कारण दोन्हींची वळणावरची वागणूक वेगळी असते. पण शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना बहुतेक दोन्हीकडे नायलॉनचेच टायर असतात, आणि त्यांची पुढची व मागची नक्षी मुळातच वेगळी असते. पुढच्या टायरवर लांब उभ्या खाचा, मागच्यावर आडवी-तिरपी तुटक नक्षी. कारखानेच जिथे दोन चाकांना दोन वेगळी कामे देतात, तिथे दोन वेगळे निकष लावण्यात वावगे काही नाही. दुसरा आक्षेप नव्या गाडीवाल्यांचा : एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडलेले ब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले आहे, मग टायरची एवढी काळजी कशाला? एबीएस चाक अडकू देत नाही, हे खरे. पण टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड आहे तेवढीच ते वापरू शकते, नवी पकड आणू शकत नाही. जोडलेले ब्रेक तर नुसती ताकद दोन्ही चाकांत वाटतात. गुळगुळीत टायरवरचे एबीएस म्हणजे रिकाम्या खात्याचे चोख पासबुक.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा सवयीची आहे आणि इथे ती फार रुळलेली आहे. बऱ्याच जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांना पुढे-मागे एकच माप असायचे, २.७५-१८. त्यामुळे मागचा टायर घासला की मागे नवा घालायचा आणि काढलेला अर्धा घासलेला पुढे ढकलायचा, हा काटकसरीचा मार्ग सोपा वाटतो. पैसे वाचतात हेही खरे. पण त्यातून गाडीचा सर्वांत झिजलेला, मधोमध चपटा झालेला टायर नेमका दिशा देणाऱ्या चाकावर येतो. चपटा टायर वळणावर एकदम कडेवर पडतो, आणि त्याची नक्षी उथळ झाल्यामुळे खालचे पाणी बाजूला सरत नाही. शिवाय माप एक असले तरी टायर एक नसतो. बाजूच्या भिंतीवर मापापुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर छापलेले असते, ४२पी किंवा ४८पी असे. अक्षर वेगमर्यादेचे, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. आकडा वजनाचा : ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. पुढचा ४२चा टायर मागे गेला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

हा वजनाचा आकडा भिवंडीत टिकाऊपणाचा खरा आधार आहे, आणि दुकानात तो क्वचितच विचारला जातो. एक उदाहरण घेऊ. साधारण ११२ किलोची गाडी, ७० किलोची दोन माणसे आणि ४० किलोचे तागे. एकूण भार २९२ किलो. मागे माणूस आणि माल असल्यावर त्यातले सुमारे दोन तृतीयांश मागच्या चाकावर जाते असे धरले, तर तिथे १९५ किलो येतात. ४८ आकड्याच्या टायरला ते झेपत नाहीत, ५४च्या टायरला झेपतात. झेपत नसलेला टायर त्याच दिवशी फुटत नाही. तो प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, आतून तापतो, धाग्यांचे थर हळूहळू सुटू लागतात आणि एके दिवशी बाजूला फुगा येतो. मग लोक म्हणतात, कंपनीचा माल खराब निघाला. ८०/१००-१८ मापाचा टायर धरला तर त्याचे चाक एका किलोमीटरला ५०० पेक्षा जास्त फेरे घेते. ९,००० किलोमीटरच्या वर्षात ते ४६ लाखांच्या पुढे जाते. एवढ्या वेळा वाजवीपेक्षा जास्त वाकवलेली कोणतीही वस्तू लवकरच हार मानते. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापात जिथे जास्त वजनाचा आकडा मिळतो तिथे मागच्या चाकाला तोच घ्यावा. अर्थात त्यामुळे गाडीची स्वतःची भारक्षमता वाढत नाही. चौकट, शॉकॲबसॉर्बर आणि ब्रेक तेच राहतात. मोठ्या आकड्याचा टायर म्हणजे जास्त माल लादायचा परवाना समजू नये.

वजनाच्या जोडीला रस्ता. अंजूरफाटा ते धामणकर नाका, वंजारपट्टी, कल्याण नाका, राजणोली या वाटांवर कंटेनर आणि ट्रकांची अखंड वर्दळ, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या कामामुळे झालेले वळसे, कुठे सिमेंट, कुठे पेव्हर ब्लॉक, कुठे उखडलेले डांबर. आणि गोदामांच्या आसपास पॅलेटचे खिळे व बांधणीच्या पट्ट्यांचे तुकडे. इथे पुष्कळ टायर नक्षी संपण्याआधीच कापून, फुगून किंवा पंक्चरांनी निकामी होतात. यावरून कोणी म्हणेल, टायर असाही खड्ड्यात मरणार असेल तर सर्वांत स्वस्त घ्यावा. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण जो टायर १२,००० किलोमीटरवर कापला गेला त्याचे उरलेले १८,००० किलोमीटर कागदावरच राहतात. पण खड्ड्यात टायर मरतो तो बहुतेक वेळा कमी हवेमुळे. हवा कमी असेल तर खड्ड्याची कड टायरला रिमपर्यंत चेपते आणि आतले धागे दोहोंच्या मध्ये चिमटले जातात. पुरेशी हवा आणि योग्य वजनाचा आकडा असेल तर तोच धक्का टायर सोसतो. खिळ्यांचेही तसेच आहे. नक्षी खोल असेल तर बारीक खिळा आतपर्यंत पोचत नाही, टायर पातळ झाला की पोचतो. म्हणजे वाईट रस्ता हा स्वस्त टायरच्या बाजूचा मुद्दा नाही. तो जाड, भक्कम टायरच्या आणि नेहमी तपासलेल्या हवेच्या बाजूचा आहे.

इथेच ‘एवढा पावसाळा काढू, मग बदलू’ हा विचार तपासून घेतला पाहिजे. त्यामागचा तर्क असा की नवा टायर पावसातल्या खड्ड्यांत का खराब करायचा. प्रत्यक्षात ओल्या रस्त्यावर घर्षण कमी असल्याने रबराची झीज उलट कमी होते. वाढतात ते काप, कारण पाणी लागलेले रबर अणकुचीदार दगडाने किंवा काचेने सहज चिरते, आणि पातळ झालेल्या जुन्या टायरला हा काप आधी आरपार जातो. नक्षीतल्या खाचांचे कामही मुळात पावसातलेच आहे : टायरखालचे पाणी बाहेर काढणे. जून ते सप्टेंबर हे चार महिने ज्या टायरला काम आहे, तो ऑक्टोबरात घेणे म्हणजे छत्री दिवाळीत विकत घेणे. टायर बदलायचा तर मेअखेरीस बदलावा, म्हणजे नव्या रबराच्या पृष्ठभागावरचा निसरडेपणा पहिल्या शे-दीडशे किलोमीटरांत, कोरड्या रस्त्यावर, सावकाश चालवताना निघून जातो.

आता हवा. टायरचे आयुष्य ठरवणाऱ्या सगळ्या गोष्टींत ही एकच जवळजवळ फुकट मिळते आणि हिचीच सर्वांत जास्त हेळसांड होते. किती पौंड भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत आणि बऱ्याच गाड्यांवर साखळीच्या कव्हरजवळच्या स्टिकरवर दिलेले असते; एकट्यासाठी वेगळे, मागे माणूस असताना वेगळे. हवा कमी असेल तर टायर कडांनी झिजतो, तापतो, पेट्रोल पितो. ‘थोडी जास्त भर, टायर जास्त चालेल’ असेही सांगितले जाते. तसे केल्याने टायर फक्त मधल्या पट्टीवर उभा राहतो, तीच झिजते आणि टेकणारी जागा कमी होऊन पकडही जाते. दाब मोजायचा तो टायर थंड असताना, सकाळी, जवळच्या पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे. दहा किलोमीटर चालवून मोजलेला आकडा गरम हवेमुळे चढलेला असतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही, कारण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आठवड्यातून एकदा एवढे केले तर पेट्रोलच्या त्या १ टक्क्याची आणि फुग्याची, दोन्ही चिंता एकदम कमी होतात.

स्वस्ताईच्या नावाखाली मिळणाऱ्या तीन गोष्टींपासून मात्र दूर राहावे. पहिली, जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेला रिमोल्ड टायर. ट्रकला हे तंत्र चालते, कारण तिथे सांगाडा जाड असतो आणि एका बाजूला दोन-दोन चाके असतात. मोटारसायकलला पुढे एकच, मागे एकच. दुसरी, गुळगुळीत टायरला गरम पात्याने पुन्हा खाचा पाडणे. खाचा खोल दिसतात, पण त्या धाग्यांवर उरलेल्या पातळ रबरातच कोरलेल्या असतात. तिसरी, दिसायला भरदार म्हणून मापापेक्षा रुंद टायर. अरुंद रिमवर तो चेपला जाऊन मधोमध उंच होतो, मधली पट्टी लवकर घासते आणि पेट्रोल जास्त लागते. ट्यूबलेस टायर मात्र, रिम त्यासाठीच बनवलेले असेल तर, खिळ्यांच्या या पट्ट्यात जास्तीच्या पैशांना जागतो, कारण खिळा रुतला तरी हवा बहुधा हळूहळू जाते. साध्या आऱ्यांच्या रिमला ट्यूबच घालावी, आणि नव्या टायरमध्ये ठिगळांची जुनी ट्यूब घालून बचत करू नये.

दुकानात उभे असताना आणखी दोन खुणा पाहाव्यात. एक, आयएसआयचे चिन्ह; दुचाकीच्या टायरला ते सक्तीचे आहे. दुसरी, चौकटीत छापलेले चार आकडे. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही हवेने, उन्हाने आणि ओझोनने कडक होत जाते, म्हणून तीन-चार वर्षे पडून राहिलेला नवा टायर हा पूर्ण किमतीला घेतलेला अर्धा जुना टायर असतो. पुढच्या चाकाला हे दुप्पट लागू आहे. तिथला टायर हळू झिजतो, त्यामुळे नक्षी शाबूत दिसत असतानाच वयाने कडक होतो. भिंतीवर बारीक चिरा दिसू लागल्या, किंवा बाजूला ‘टीडब्ल्यूआय’ लिहिलेल्या जागेसमोरचा खाचेतला उंचवटा नक्षीच्या पातळीला आला, की किलोमीटर किती झाले हे न विचारता टायर बदलावा.

शेवटी ज्याच्या खिशात या महिन्यात एकाच टायरचे पैसे आहेत, त्याचा प्रश्न उरतो. वरचा सगळा हिशेब दोन-तीन वर्षांचा आहे आणि पगार महिन्याचा असतो, ही अडचण खरी आहे. त्याला उत्तर असे : ज्या चाकाची नक्षी खुणेला पोचली त्याचा टायर आधी, दोन्ही पोचल्या असतील आणि पाऊस तोंडावर असेल, तर पुढचा आधी. मागचा येईपर्यंत माल कमी लादावा, वेग कमी ठेवावा आणि हवा दर आठवड्याला पाहावी. गल्ल्यासमोर एकच वाक्य बोलायची सवय मोडून दोन वाक्ये बोलावीत : मागच्याला जास्त चालणारा आणि वजनाला मोठ्या आकड्याचा द्या, पुढच्याला पावसात धरणारा आणि ताज्या तारखेचा द्या. वर्षाच्या खर्चात त्याने दोन-तीनशे रुपयांहून जास्त फरक पडणार नाही. फरक पडेल तो जुलैच्या एखाद्या संध्याकाळी, पुढचा कंटेनर अचानक थांबल्यावर, दोन-अडीच आगपेट्यांएवढ्या त्या जागेवर.

पुढील लेखांकात : साखळी आणि स्प्रॉकेट एकत्र का बदलावेत.